‘यूएनसी’ म्हणून आलेला १८६२ चा राणीछाप रुपया: दर्जा कसा ठरला

विकायला आलेलं नाणं साधं आहे. चांदीचा एक रुपया, समोर मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, भोवती ‘व्हिक्टोरिया क्वीन’, मागे फुलांच्या वेलबुट्टीत ‘वन रुपी इंडिया १८६२’. विक्रेता सोलापूर जिल्ह्यातला. नाणं आजोबांच्या पेटीतलं, कधी बाहेर न काढलेलं, असं त्याचं म्हणणं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘यूएनसी, चकचकीत, तारखेखाली टिंब, दुर्मीळ’. (यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, कधीच न वापरलेलं.) घेणारा पुण्याचा, ब्रिटिश इंडियाची नाणी बरीच वर्षं जमवणारा. मागितलेली किंमत चांदीच्या भावाच्या कितीतरी पट.

निकाल आधीच सांगून टाकू. नाणं अस्सल आहे. यूएनसी नाही, तारखेखाली टिंब नाही, आणि ते पेटीत झोपून राहिलेलं नसून कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होतं. हे कसं कळलं ते क्रमाने पाहू. क्रम इथे महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट राणीच्या चेहऱ्याकडे बघतात, चकाकी पाहून खूश होतात आणि कडेकडे शेवटी वळतात, किंवा वळतच नाहीत.

साल बघून काय कळतं

१८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला आणि १८६२ मध्ये राणीच्या सरकारची नवी नाणी आली. त्यानंतर रुपयावर १८६२ हेच साल कित्येक वर्षं तसंच छापत राहिले; दर वर्षीचं साल येऊ लागलं ते १८७४ पासून. १८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं. म्हणजे १८६२ लिहिलेला रुपया खरोखर १८६२ मध्ये पडला असेल किंवा दहा वर्षांनंतरही पडलेला असू शकतो. ‘दीडशे वर्षं जुना म्हणून दुर्मीळ’ हे वाक्य इथे बिनकामाचं आहे. हे साल असलेले रुपये महाराष्ट्रातल्या घराघरांत निघतात.

दुर्मीळपणा असेल तर तो पोटप्रकारात. मुंबई टांकसाळीने साल न बदलता तारखेच्या खाली किंवा वर बारीक टिंबं घालून नाणी वेगळी ओळखता येतील अशी सोय केली. टिंबं किती आणि कुठे, राणीच्या वस्त्राच्या पुढच्या भागावरचे पट्टे कसे, मागच्या वेलीतलं वरचं फूल उमललेलं की मिटलेलं, यावरून संग्राहक प्रकार ठरवतात आणि काही जोड्यांना खूप जास्त पैसे मोजतात. म्हणूनच चिठ्ठीवरचा ‘टिंब’ हा शब्द निष्पाप नव्हता. त्याच्याकडे पुढे येऊ.

वजन, व्यास, पाणी

या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी बारात अकरा भाग, साधारण ९१७ टंच. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या थोडा वर. हे नाणं दोन दशांश दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ११.५८ ग्रॅम भरलं, व्हर्नियर कॅलिपरवर व्यास ३०.६ मिमी. घट ०.०८ ग्रॅम, पाऊण टक्क्याच्या आत. त्या काळच्या कायद्याने दोन टक्क्यांपर्यंत घटलेला रुपया चलनात चालत असे, म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅमपर्यंत. तेव्हा वजनात वावगं काही नाही.

पण वजन बरोबर आलं म्हणजे नाणं खरं, असं होत नाही. वजन जुळवणं हे नकली नाणं करणाऱ्याचं पहिलं काम. चांदीची खात्री पाण्याने होते आणि त्यासाठी नाण्याला ओरखडाही पडत नाही. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करायचा. बारीक शिवणदोऱ्याच्या फासात नाणं अडकवून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. इथे १.१३ आला. ११.५८ भागिले १.१३, उत्तर १०.२५. या मिश्रणाचं शुद्ध गणित १०.३४ च्या आसपास येतं, पण काटा शंभरावा भागच दाखवतो. १.१२ ऐवजी १.१३ दिसला तरी उत्तर दहाव्या भागाने हलतं. त्यामुळे १०.२ ते १०.४ मध्ये काहीही चालेल. पितळेचं किंवा जर्मन सिल्व्हरचं नाणं असतं तर आकडा १.३२ च्या पुढे गेला असता आणि भागाकार साडेआठ-पावणेनऊच्या घरात आला असता. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येतं. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत. नंतर नाणं साध्या पाण्यात बुडवून काढायचं आणि मऊ कापडावर ठेवून टिपायचं. पुसायचं नाही.

कसोटीच्या दगडावर घासून टंच बघायची जुनी सवय काही सराफांकडे अजून आहे. दागिन्यासाठी ठीक, नाण्यासाठी नुकसान. तसंच नाणं फरशीवर आपटून नाद ऐकणं. नाद ऐकायचाच तर बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याने काठाला हलकेच टिचकी द्यायची. हे नाणं वाजलं, पण आवाज लगेच विझला. आतून तडा किंवा बुजवलेलं भोक असलं की असा नाद येतो, आणि कडेला परकी धातू झाळलेली, म्हणजे वितळवून जोडलेली, असली तरी येऊ शकतो. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण कड नीट पाहायला हवी हे मात्र पक्कं झालं.

कड: बारा वाजता

नाणं अंगठा आणि तर्जनीमध्ये कडेने धरलं, राणी सरळ उभी. दहा पटीचं भिंग डोळ्याला लावून नाणं हळूहळू फिरवलं. एका फेरीत कंगोऱ्यांचे, म्हणजे कडेवरच्या उभ्या दात्यांचे, किमान आठ तुकडे थांबून पाहायचे. एका नजरेत कड बघणं म्हणजे न बघणं. मोबाइलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स असेल तर प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून शेजारी शेजारी ठेवावेत. फरक डोळ्यापेक्षा फोटोत लवकर कळतो.

नाणं घड्याळाची तबकडी मानलं तर तीन, सहा आणि नऊ वाजता कंगोरे सारख्या अंतरावर, उभे, माथ्याला किंचित घासलेले. बारा वाजता, मुकुटाच्या नेमक्या वर, सुमारे चार मिलिमीटर लांबीत चित्र बदललं. दाते उथळ होते, दोन जागी तिरके, आणि त्यांच्यातलं अंतर बाकीच्या कडेपेक्षा कमी-जास्त. त्यांच्या तळाशी आडव्या दिशेने बारीक रेघा. टांकसाळीत कड पडते ती एका दाबात, सगळे दाते एकसाथ. त्यात आडवी रेघ येण्याचं काही कारण नाही. हे दाते कुणीतरी त्रिकोणी कानशीने एकेक पाडले होते.

रंगही बोलत होता. त्या चार मिलिमीटरमध्ये चांदी जरा पिवळसर. नाणं माळेत ओवायची कडी झाळण्यासाठी सोनार वापरतो त्या मिश्रणात तांबं आणि जस्त जास्त असतं. कडी कापून, कानस मारून, उजाळा देऊन झाला तरी थोडी झाळ कंगोऱ्यांत शिरून राहतेच. तिसरी खूण दोन्ही बाजूंच्या काठावर: बारा वाजता काठाच्या आतली दातेरी किनार दबून सपाट झालेली, पुढे आणि मागे एकाच ठिकाणी. झीज अशी नेम धरून होत नाही.

रुपयांच्या माळेत कडी बहुतेक राणीच्या डोक्यावर येते, कारण गळ्यात चेहरा सरळ दिसायला हवा. पण दोन कड्या लावलेली नाणीही असतात, दहा आणि दोन वाजता, पट्ट्यासारख्या गुंफलेल्या. बटण किंवा कुडी केलेल्या नाण्याला झाळ मागच्या मधोमध असते, तेव्हा कड निर्दोष दिसते आणि ‘रुपी’ शब्दाजवळची जागा मात्र खरखरीत, करडी. काही नाण्यांना भोक पाडलेलं असतं आणि ते चांदीने बुजवलेलं. अशा वेळी तिरप्या उजेडात गोल सीमारेषा दिसते आणि त्या वर्तुळातली अक्षरं हाताने कोरलेली, कडा मऊ, असं कळून येतं. आपल्याकडचा राणीछाप रुपया हातात घेतला की आधी बारा वाजता बघावं, कारण तो दागिना म्हणून जगलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे.

वजनाकडे आता परत बघा. ०.०८ ग्रॅमची घट ही नुसती झीज नव्हे. कानशीने गेलेली चांदी, उजाळ्यात गेलेली चांदी आणि वर राहिलेली थोडी झाळ यांचीही ती बेरीज-वजाबाकी आहे. वजन चांगलं म्हणून झीज कमी, असा तर्क अशा नाण्याला लावता येत नाही.

चकचकीत आणि चकाकी

चिठ्ठीवरचा ‘चकचकीत’ शब्द खरा होता. नाणं आरशासारखं पांढरं चमकत होतं. अडचण तीच होती.

टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा चांदी मधून कडेकडे वाहते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म, चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकलेल्या रेषा उरतात. उजेड या रेषांवरून परततो म्हणून न वापरलेलं नाणं तिरपं करून फिरवलं की प्रकाशाचे दोन-तीन पट्टे केंद्राभोवती फिरताना दिसतात. मूळ चकाकी म्हणजे हे फिरणं, पांढरेपणा नव्हे. काळ्या पडलेल्या नाण्यातही पट्टे फिरतात, काळेपणाच्या खालून. आणि घासून लखलखीत केलेल्या नाण्यात ते फिरत नाहीत, कारण ज्या रेषांवर ते चालतात त्याच घासल्या गेलेल्या असतात.

बघायची रीत अशी. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद. एकच छोटा, उघडा एलईडी दिवा, नाण्यापासून हातभर अंतरावर. खाली मऊ कापड, हात सुटला तरी नाणं कापडावरच पडावं. नाणं दिव्याखाली तिरपं करून सावकाश गोल फिरवायचं. या नाण्यात सगळं फील्ड, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीची मोकळी सपाट जागा, एकदम उजळत होतं आणि एकदम विझत होतं. पट्टा नाही, फिरणं नाही.

मग भिंग. राणीच्या गालावरून केस ओलांडून पुढच्या मोकळ्या जागेत आणि तिथून ‘क्वीन’च्या अक्षरांच्या माथ्यावर गेलेल्या, साधारण एका दिशेच्या शेकडो बारीक रेघा. इथे एक गोष्ट नीट पारखावी लागते. टांकसाळीत ठसा घासून साफ केला असेल तरी नाण्यावर समांतर रेघा येतात. पण त्या नाण्यावर वर उठलेल्या असतात आणि फक्त मोकळ्या जागेत दिसतात. अक्षर किंवा चेहरा आला की तिथे थांबतात, कारण ठशावर तो भाग खोल असतो आणि घासणी तिथे पोचत नाही. नाण्यावर केलेल्या घासणीच्या रेघा खोदलेल्या असतात आणि उंच-सखल न बघता सगळ्यांवरून जातात. गालावर रेघ आहे का, एवढं एक पाहिलं तरी बहुतेक वेळा निकाल लागतो. इथे होत्या.

ही घासणी कशाने झाली असेल? ‘व्हिक्टोरिया’तल्या ‘ओ’च्या पोटात आणि मुकुटाच्या मोत्यांमध्ये पांढरी पूड अडकलेली होती. भांडी घासायची पावडर किंवा दंतमंजन असंच राहतं. चिंचेने किंवा लिंबाने धुतलेल्या नाण्यात पूड नसते, पण आम्लाने वरचा थर खाल्लेला असतो आणि चांदी मेलेली, खडूसारखी दिसते. ॲल्युमिनिअमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी ही हल्ली व्हिडिओंतून पसरलेली युक्ती चांदी झिजवत नाही म्हणतात. काळा थर उतरतो हे खरं, पण उतरल्यावर खालचा भाग फिका आणि ठिकठिकाणी ठिपकेदार निघतो, आणि काळेपणाच्या आड लपलेले जुने ओरखडेही उघडे पडतात. रिठ्याचं पाणी यांतलं सगळ्यांत सौम्य. पण रिठ्याबरोबर ब्रश आला की झालंच.

फोटो बघून नाणी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत यांतली एकही रेघ दिसत नव्हती. खिडकीच्या पसरट उजेडात, जरा जास्त उजळ काढलेल्या फोटोत बारीक रेघा विरून जातात, त्यात कुणाची लबाडी असायची गरज नाही. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं करत काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ मागावा, आणि कडेचा वेगळा.

टिंब

तारखेखाली, ‘६’च्या किंचित उजवीकडे, एक पांढुरका उंचवटा होता. नुसत्या डोळ्यांना टिंबच. खरं टिंब ठशात खोदलेल्या खळग्यातून येतं, म्हणून त्याचा तळ गोल आणि स्वच्छ असतो, कडा फील्डमधून एकदम उठते, आणि माथा आजूबाजूच्या आकड्यांइतकाच झिजलेला असतो. आकडे घासलेले आणि टिंब मात्र टोकदार, असं दिसलं की थांबावं. बनावट टिंब दोन प्रकारे केलं जातं. झाळीचा बारीक थेंब ठेवून, तेव्हा रंग वेगळा दिसतो; किंवा शेजारची चांदी अणकुचीने ढकलून, तेव्हा एका बाजूला खळगा राहतो.

इथे दोन्ही नव्हतं. विक्रेत्याच्या परवानगीने शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या लाकडी काडीचं टोक त्यावर दोन मिनिटं टेकवून ठेवलं आणि टिंब निघून आलं. ‘ओ’च्या पोटात होती तीच पूड, तेलकट मळात घट्ट बसलेली. विक्रेत्यालाही ते खरंच वाटलं होतं. कुणी घासून दिलं त्याने नकळत एक पोटप्रकार जन्माला घातला. (नेलपॉलिश काढायचं द्रव म्हणजे ॲसिटोन नव्हे. त्यात तेल आणि सुगंध असतो. औषधी रसायनांच्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं. ते चांदीला लागत नाही, पण पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद.)

झीज किती

एवढं झाल्यावर चेहरा. या रुपयावर सगळ्यांत आधी झिजतात ते कानावरचे केस, भुवई, गालाचा उंचवटा आणि खांद्यावरच्या वस्त्राच्या चुण्या. मागच्या बाजूला फुलांच्या पाकळ्यांचे माथे. अक्षरं आणि तारीख फार उशिरा जातात, म्हणून ‘तारीख स्वच्छ आहे’ हा दर्जाचा पुरावा होत नाही.

ढोबळ पायऱ्या या नाण्यावर अशा दिसतात. एफ (फाइन), म्हणजे १ ते ७० च्या मापावर १२ ते १५: केसांचा एकसंध सपाट गोळा, वस्त्रावरच्या नक्षीची नुसती बाह्यरेषा. व्हीएफ (व्हेरी फाइन), २० ते ३५: केसांचे काही पदर सुटे, नक्षी निम्मी-पाऊण, मुकुटातले दागिने ओळखू येतात. ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन), ४० ते ४५: केसांचे पदर जवळपास सगळे वेगळे, फक्त माथे चपटे, अक्षरांच्या आडोशाला मूळ चकाकी. एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), ५० ते ५८: कानावर आणि गालावर घासल्याचा नुसता स्पर्श, बाकी फील्डमध्ये चकाकी फिरते. ६० आणि पुढे एमएस (मिंट स्टेट), आपल्या बाजारातलं यूएनसी: झीज शून्य. पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून झालेले खोचे यूएनसीला चालतात, झीज चालत नाही. त्यामुळे ५८ चं नाणं ६० च्या नाण्यापेक्षा देखणं असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच. हे १ ते ७० आकडे विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडले होते. आपल्या रुपयाला ते नंतर चिकटले, तेव्हा त्यांना दगडावरची रेघ मानायचं कारण नाही.

सपाट दिसणारा भाग झिजलाय की मुळातच नीट उठला नव्हता, हाही प्रश्न असतो. ठोक कमी पडली तर कानावरचे केस नव्या नाण्यातही अर्धवट येतात. पण तिथला पृष्ठभाग खडबडीत असतो, कोऱ्या चकतीचा, आणि चकाकी त्या भागावरूनही फिरते. झीज गुळगुळीत असते आणि रंगाने वेगळी पडते. मागच्या बाजूला नेमका समोरासमोरचा भागही उथळ असेल तर कमी ठोकेची शंका बळावते.

या नाण्यात केसांचे पदर बहुतेक सुटे, मुकुट चांगला, नक्षी जवळजवळ पूर्ण, गाल मात्र सपाट आणि गुळगुळीत. फुलांच्या पाकळ्यांचे माथे एकसारखे गोलावलेले. नुसत्या तपशिलावर ईएफ. पण त्यातली किती झीज हातांची आणि किती घासणीची, हे आता वेगळं करता येत नाही. उजाळा देताना उंचवटेच आधी जातात, अगदी वापरात जातात तसे.

लिहिलेला दर्जा

असं नाणं साध्या ईएफमध्ये बसवत नाहीत. दर्जा देणाऱ्या कंपन्याही अशा नाण्याला आकडा देत नाहीत. तपशिलाची पायरी लिहून पुढे दोष लिहितात. या नाण्याचं वर्णन ठरलं ते असं: ‘रुपया १८६२, व्हिक्टोरिया क्वीन, टिंब नाही. तपशील ईएफ. पृष्ठभाग घासलेला. बारा वाजता कडी काढलेली, कंगोरे दुरुस्त केलेले. ११.५८ ग्रॅम.’

किमतीचा पाया मग सोपा होतो. ११.५८ ग्रॅमात शुद्ध चांदी सुमारे १०.६१ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने तेवढे पैसे आणि वर थोडं, कारण नाणं दिसायला बरं आहे आणि भेट द्यायला, फ्रेम करायला असं नाणं हवं असणारे असतात. निर्दोष ईएफच्या भावाशी त्याची तुलना नाही. ‘थोडं घासलंय म्हणून दहा टक्के कमी’ असा हिशेब विक्रेते मांडतात, तो संग्राहकांच्या बाजारात चालत नाही. दुर्मीळ नाण्यात दोष माफ होतो, कारण दुसरं मिळत नाही. जे नाणं निर्दोष आणि सहज मिळतं तिथे दोषी नाण्याला कुणी का घ्यावं?

विक्रेत्याने एक वेगळा प्रस्ताव ठेवला: अमेरिकेत नात्यातलं माणूस आहे, त्याच्याबरोबर पाठवून तिकडच्या दर्जा देणाऱ्या कंपनीकडून दर्जा छापलेल्या डबीत बंद करून आणू, मग वाद नको. हा मार्ग दोन्हीकडून बंद आहे. एक तर डबीवर हेच दोष छापून आले असते. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीला किंवा लंडनला असलेल्या आपल्या माणसांच्या बॅगेत आजीचे राणीछाप रुपये सहज टाकले जातात. विमानतळावर ते सहज प्रकरण राहत नाही.

पेटीतलं दुसरं नाणं

याच व्यवहारात दुसरं नाणं चिठ्ठीशिवाय एका कापडात पडलं होतं. तेही १८६२ चंच, टिंब नसलेलं, पण काळं. ‘हे धुऊन देतो सर, मग बघा,’ असं विक्रेता म्हणाला. ते तसंच बघितलं. वजन ११.५२, म्हणजे चकचकीत नाण्यापेक्षा हलकं. केसांचे निम्मे पदर मिटलेले, नक्षी पाऊण. कड सगळीकडे सारखी, बारा वाजताही. दिव्याखाली फिरवल्यावर अक्षरांच्या आडोशाला मंद पट्टा सरकत होता. काळेपणा कडेला निळसर-जांभळा, मध्यावर करडा, एकावर एक थर चढल्यासारखा. कृत्रिम काळेपणा असा नसतो. तो एकसारखा असतो, खरवडल्यासारख्या जागांतही शिरतो, आणि अनेकदा भडक निळा-केशरी दिसतो. गालावर दोन जुने खोचे, त्यांच्या आतही काळेपणा, म्हणजे खोचेसुद्धा जुनेच.

दर्जा व्हीएफ-३०, दोष नाही. तपशील पहिल्यापेक्षा एक पायरी खाली, तरी घेणाऱ्याने या नाण्याला जास्त पैसे दिले. विक्रेत्याला ते पटायला वेळ लागला आणि त्यात त्याची चूक नाही. चांदीचं भांडं, चांदीचा गणपती, चांदीचं काहीही आपण लखलखीत करूनच समोर ठेवतो. नाण्याच्या बाजारात मात्र हात न लावण्याचे पैसे मिळतात. पहिलं नाणं चांदीच्या भावाहून किंचित वर ठरलं, पण घेणाऱ्याने ते घेतलं नाही. त्याच्याकडे टिंब नसलेला निर्दोष रुपया आधीच होता.

घरात आणखी तेरा रुपयांची अख्खी माळ आहे, कड्यांसकट, असं बोलण्यातून निघालं. ‘कड्या काढून नाणी सुटी केली तर?’ तर तेरा दोषी नाणी हातात येतील आणि दागिना जाईल. माळ म्हणून तिला किंमत आहे, जुन्या दागिन्यांच्या बाजारात आणि घरातही. कड्या काढल्याने नाणं सुधारत नाही, कंगोरे आणखी बिघडतात.

काळ्या नाण्याची व्यवस्था लगेच करावी लागली, कारण ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात टाकून देण्याची तयारी चालली होती. नोटांच्या, पासबुकांच्या पाकिटांचं ते मऊ प्लॅस्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो आणि राहिला तर चांदी खातो. नाणं मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) खिडकीच्या पुठ्ठ्यात बसवलं. पिना मारल्यावर पक्कडीने चपट्या केल्या, नाहीतर शेजारच्या पुठ्ठ्यातल्या नाण्याला ओरखडा पडतो. पुठ्ठा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. कोकणात आणि मुंबईत ती दर पावसाळ्याआधी बदलावी, सोलापूरकडे एवढी घाई नसते. डब्याला रबरबँड लावायचा नाही, रबरातल्या गंधकाने चांदी पट्ट्यापट्ट्यांनी काळी पडते. पुठ्ठ्यावर पेन्सिलने वर्णन, वजन आणि तारीख लिहिली, आणि खाली एक ओळ वाढवली: ‘धुतलेलं नाही, धुऊ नये.’